नलिनी मलानी

नलिनी मलानी (जन्म : १९ फेब्रुवारी १९४६, कराची) या भारतीय चित्रकार आणि व्हिडिओ कलाकार आहेत. चित्रपट, ॲनिमेशन, व्हिडिओ, रंगभूमी आणि मांडणशिल्प यांचा एकत्रित उपयोग करणाऱ्या भारतातील आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. फाळणी, धार्मिक हिंसाचार, अण्वस्त्रे आणि स्त्रियांवरील अत्याचार हे त्यांच्या कलाकृतींचे प्रमुख विषय आहेत. त्यांची कारकीर्द मुख्यतः मुंबईत घडली.

जीवन आणि शिक्षण

मलानी यांचा जन्म फाळणीच्या आदल्या वर्षी झाला. फाळणीनंतर त्यांच्या कुटुंबाला सिंध सोडून भारतात यावे लागले. प्रथम कलकत्ता आणि नंतर मुंबई येथे हे कुटुंब स्थायिक झाले. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून त्यांनी १९६९ मध्ये पदविका घेतली. विद्यार्थिदशेतच त्यांना भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करण्यासाठी जागा मिळाली होती. चित्रकार, संगीतकार, नर्तक आणि नाट्यकर्मी एकाच वास्तूत काम करत असल्याने निरनिराळ्या कलांचा परिचय त्यांना तेथे झाला. पुढे फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९७० ते १९७२ या काळात त्यांनी पॅरिसमध्ये अध्ययन केले.

आरंभीच्या चित्रफिती

चित्रकार अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्तीच्या आधारे १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकत्र येऊन प्रयोग करावेत, हा त्यामागील हेतू होता. पदमसी यांनी या काळात ‘सिझिजी’ हा ॲनिमेशनपट केला. मलानी यांनी येथेच कॅमेरा हाताळण्यास आरंभ केला. ‘ड्रीम हाउसेस’ (१९६९) या ८ मिमी रंगीत चित्रफितीत त्यांनी इमारतींच्या एका लहान प्रतिकृतीवर रंगीत प्रकाश टाकून एकेक चौकट चित्रित केली. स्वातंत्र्योत्तर काळातील आधुनिक नगररचनेविषयीचा आशावाद तिच्यात दिसतो.

काही वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी या चित्रफितीला १६ मिमीच्या कृष्णधवल चित्रफितीची जोड दिली. तिच्यात एक तरुणी खिडकीतून मुंबईच्या झोपडपट्टीकडे पाहत आहे. या दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी दाखवल्या जातात. या जोडकृतीचे नाव ‘युटोपिया’ (१९६९–७६) असे आहे. स्वप्नातील नगर आणि प्रत्यक्षातील नगर यांतील अंतर एकाच दृष्टिक्षेपात दाखवणारी ही कृती भारतीय प्रयोगशील चित्रफितींच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

चित्रचौकटीबाहेर

पॅरिसहून परतल्यानंतर अनेक वर्षे मलानी यांनी प्रामुख्याने चित्रे काढली. मध्यमवर्गीय घरातील स्त्रीचे जीवन हा त्यांचा विषय होता. अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासमवेत त्यांनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन १९८७ ते १९८९ या काळात देशातील निरनिराळ्या शहरांत भरवले. केवळ स्त्री-चित्रकारांनी पुढाकार घेऊन केलेला असा उपक्रम भारतात तोवर दुर्मीळ होता.

१९९० नंतर त्या पुन्हा अन्य माध्यमांकडे वळल्या. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ (१९९२) या प्रदर्शनात त्यांनी मुंबईच्या केमोल्ड कलादालनाच्या भिंतींवरच चित्रे काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसून टाकण्यात आली. विकता न येणारी आणि जतनही न होणारी ही चित्रे होती. जर्मन नाटककार हायनर म्युलर यांच्या संहितेवर आधारित ‘मेडिया’ या प्रयोगासाठी त्यांनी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह काम केले. कलादालनात नियमाने न येणाऱ्या प्रेक्षकापर्यंत पोहोचणे, हा या सर्व प्रयत्नांचा एक उद्देश होता.

‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’

मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे आणि त्यानंतर त्याच महिन्यात पाकिस्तानने चगाई येथे अणुचाचण्या केल्या. या घटनांना प्रतिसाद म्हणून मलानी यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८–९९) हे व्हिडिओ मांडणशिल्प उभारले. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या उर्दू कथेचा त्याला आधार आहे. फाळणीनंतर दोन्ही देशांनी वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांचीही वाटणी केली. त्यांतील बिशनसिंग हा शीख रुग्ण आपले गाव कोणत्या देशात आहे हे विचारत राहतो आणि अखेर दोन सीमांमधील कोणाच्याही नसलेल्या जमिनीवर कोसळतो, असे तिचे कथानक आहे.

या मांडणशिल्पात समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात. एक भारतातील आणि दुसरी पाकिस्तानातील असून, मधल्या अंतरातून त्या दोघी मिळून एका साडीची घडी घालण्याचा प्रयत्न करतात. परंतु ती घडी पुरी होत नाही. मुख्य भिंतीवर अणुस्फोटाची दृश्ये येतात. खाली जमिनीवर १२ पत्र्याच्या ट्रंका मांडलेल्या असून त्यांत ठेवलेल्या दूरचित्रवाणी संचांवर विस्थापितांची चित्रणे चालू असतात. घर सोडताना जे हाती लागले ते भरून नेण्याची वस्तू म्हणून ट्रंक येथे येते. चकचकीत जमिनीमुळे पाहणाऱ्याचे प्रतिबिंबही या दृश्यांत मिसळते आणि तो केवळ प्रेक्षक राहत नाही.

ही कृती १९९९ मध्ये मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) दाखवण्यात आली. शालेय सहली, पर्यटक आणि सामान्य नागरिक तेथे येत असल्याने समकालीन कलेच्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरील लोकांनी ती पाहिली.

नंतरच्या कलाकृती

‘हॅम्लेटमशीन’ (२०००) ही जपानमधील फुकुओका येथे साकारलेली कृती पुन्हा म्युलर यांच्या संहितेवर आधारित आहे. ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ (२००३) मध्ये राजा रविवर्मा यांच्या ११ वादक-गायक स्त्रियांच्या प्रसिद्ध चित्राचा उपयोग केला असून बंदुकीच्या आवाजाने त्यातील संगीत भंग पावते. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचाराची पार्श्वभूमी तिला आहे. ‘मदर इंडिया : ट्रान्झॅक्शन्स इन द कन्स्ट्रक्शन ऑफ पेन’ (२००५) ही पाच पडद्यांची कृती समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या निबंधावरून सुचलेली असून तिच्यात राष्ट्राच्या नावाने स्त्रीदेहावर झालेल्या अत्याचारांचा मागोवा आहे.

जर्मनीतील कासेल येथे २०१२ मध्ये झालेल्या ‘डॉक्युमेंटा १३’ या प्रदर्शनात ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ ही कृती सादर झाली. तिचे शीर्षक फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून घेतले आहे. भविष्य जाणणारी, परंतु जिचे कोणी ऐकत नाही अशी ग्रीक पुराणकथेतील कॅसांड्रा आणि महाश्वेतादेवींची द्रौपदी यांचे संदर्भ तिच्यात येतात. ‘कॅन यू हिअर मी?’ (२०१८–२०) मध्ये टॅबलेटवर बोटाने रेखाटलेली ८८ ॲनिमेशने नऊ प्रक्षेपकांद्वारे भिंतींवर एकमेकांत मिसळत जातात.

तंत्र

काचेच्या मागील बाजूने चित्र रंगवण्याची पद्धत मलानी यांनी चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून आत्मसात केली. या पद्धतीत सर्वांत वरचे तपशील प्रथम आणि पार्श्वभूमी शेवटी रंगवावी लागते. हेच तंत्र त्यांनी मायलार या पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या नळकांड्यांवर वापरले. ही नळकांडी छताला टांगलेली असून सावकाश फिरतात. त्यांच्यातून प्रक्षेपकाचा प्रकाश गेला की रंगवलेल्या आकृत्यांच्या सावल्या भिंतीवरील व्हिडिओवर सरकू लागतात. या प्रकाराला ‘व्हिडिओ-छायाखेळ’ म्हटले जाते. ‘ट्रान्सग्रेशन्स’ (२००१) हे त्याचे आरंभीचे उदाहरण होय. नळकांड्यांची गती आणि व्हिडिओची लांबी वेगवेगळी असल्याने सावली व दृश्य यांचा मेळ सतत बदलत राहतो.

प्रदर्शने आणि सन्मान

• २०१३ – फुकुओका पुरस्कार (कला व संस्कृती)
• २०१४ – किरण नादर कलासंग्रहालय, दिल्ली येथे सिंहावलोकनी प्रदर्शन
• २०१७ – पाँपिदू केंद्र, पॅरिस येथे सिंहावलोकनी प्रदर्शन
• २०१९ – होआन मिरो पुरस्कार
• २०२३ – नॅशनल गॅलरी, लंडन येथे ‘माय रिॲलिटी इज डिफरंट’ हे प्रदर्शन
• २०२३ – क्योतो पुरस्कार (कला व तत्त्वज्ञान)