जागेत पैसा बुडत नाही, हे खरे काय?

नोकरीत स्थिरावलेल्या मराठी तरुणाला घरातून, कचेरीतून आणि इस्टेट एजंटाकडून एकच सल्ला मिळतो: मिळेल तेवढे कर्ज काढ, पण लवकर एक फ्लॅट घेऊन टाक. राहायला नव्हे, गुंतवणूक म्हणून. जागेचे भाव पडत नाहीत, जमीन नव्याने तयार होत नाही, हप्ता भाडेकरूच फेडतो. पुढे पहिल्या फ्लॅटच्या जिवावर दुसरा घेता येतो. हे सांगणारे हितचिंतक असतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. हप्त्याच्या धाकाने कितीतरी कुटुंबांनी एरवी झाली नसती एवढी बचत केली. महागाईने ठेवी पोखरल्या तेव्हा अनेकांना घरानेच तारले. स्थावरात पैसा घालू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आक्षेप आहे तो या सल्ल्याच्या तीन आधारांवर.

पहिला आधार, भाव पडत नाहीत. 1990 च्या दशकाच्या मध्यावर नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या जगातल्या सर्वांत महागड्या जागांत गणल्या जात. ते दशक सरण्यापूर्वीच मुंबईतले भाव कोसळले आणि सावरायला वर्षे लागली. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दशकाहून अधिक काळ उतरत राहिले. भाव टिकला तरी उत्पन्न टिकतेच असेही नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. गिरगाव-परळसारख्या मोक्याच्या ठिकाणी चाळी असूनही मालकांना भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेनासा झाला.

मग वडिलांनी 1995 साली 10 लाखांना घेतलेला फ्लॅट 2025 साली एक कोटीचा कसा झाला, असे विचारले जाईल. रास्त प्रश्न आहे. तीस वर्षांत दहापट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे 8 टक्के. 1995 साली पीपीएफवर 12 टक्के व्याज मिळत होते. फ्लॅटचे भाडे जमेस धरायचे, तर मुद्रांक शुल्क, मालमत्ता कर, देखभाल आणि रंगकामही खर्ची टाकले पाहिजे. दहापट हा आकडा डोळे दिपवतो. वर्षांवर पसरला की तो साधा होतो.

दुसरा आधार, जमीन नव्याने तयार होत नाही. पण नरिमन पॉइंटच समुद्रात भराव घालून उभा राहिला आहे! शिवाय फ्लॅट घेणारा जमीन विकत घेतो कुठे? तो बांधलेले क्षेत्रफळ घेतो. ते एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) यांच्या नियमांनी वाढवता येते, आणि महाराष्ट्रात ते अनेकदा वाढवले गेले आहे. जमीन तुटपुंजी असेल. मजले तुटपुंजे नाहीत. आणि इमारत दरवर्षी एका वर्षाने जुनी होतेच.

तिसरा आधार सर्वांत मोहक: हप्ता भाडेकरू फेडतो. हिशेब करू. पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट. 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 नोंदणी फी धरून खर्च जवळपास 86 लाख. कर्ज 60 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षे; हप्ता सुमारे 52,000. भाडे 20,000. उरलेले 32,000 दरमहा कोण भरतो? भाडेकरू नव्हे. वर्षातला एक महिना जागा रिकामी, सोसायटीचे मेंटेनन्स महिना 3,000 आणि मालमत्ता कर वजा केला तर हाती 1,70,000 उरतात. गुंतवलेल्या रकमेवर हे दोन टक्के झाले. साडेआठ टक्क्यांनी पैसा उचलून दोन टक्क्यांनी लावणाऱ्याला आपण व्यापारी म्हणू का? भाव वाढला तर कर्जामुळे नफा फुगतो, हे खरे. पण भाव 10 टक्क्यांनी उतरला तर 8 लाख जातात, आणि ते किमतीपोटी तुम्ही स्वतः भरलेल्या 20 लाखांतूनच जातात. बँकेचे कर्ज एक रुपयानेही घटत नाही.

मग सुरुवात कशी करावी? घाई करून नव्हे, अभ्यास करून. एकच परिसर निवडावा आणि तिथली भाडी व प्रत्यक्ष व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचे उतारे, वर्षभर पाहावेत. जाहिरातीतला भाव विक्रेत्याची इच्छा सांगतो. इंडेक्स टू झालेला व्यवहार सांगतो. प्लॉट घ्यायचा असेल तर सातबारा स्वतः वाचावा. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाचे नाव किंवा बँकेचा बोजा आहे का? भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, आहे का? तुकडेबंदी कायदा 1947 पासून असूनही शहराच्या वेशीवर गुंठा-गुंठा विकला गेला, आणि सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले तरी आपला तुकडा नेमका कोणता, हे कित्येकांना दाखवता येत नाही. तयार फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र हवे. बांधकाम चालू असेल तर महारेराची नोंदणी, आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. भांडवल थोडे असेल तर रीटचे, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसा गुंतवणाऱ्या न्यासाचे, युनिट घ्यावे. वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान 90 टक्के धारकांना देणे रीटवर बंधनकारक आहे. भाड्याचा धंदा शिकायला एवढे पुरेसे आहे.

वाढीचा नियमही यातूनच निघतो. पहिली जागा आपल्या भाड्यावर आपला खर्च आणि हप्ता पेलू लागली आणि सहा महिन्यांचे हप्ते गाठीशी असले, तरच दुसरीचा विचार करावा. तोपर्यंत दुसरा फ्लॅट म्हणजे वाढ नव्हे, दुप्पट ओझे.

दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत. पुढच्या वेळी कोणी जागा दाखवली, तर ‘भाव किती वाढेल?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही. ‘आज भाडे किती येते आणि मालकी कोणत्या कागदावर सिद्ध होते?’ एवढेच विचारा. या दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल घ्या. नसतील तर तो सट्टा आहे, आणि सट्टा कर्ज काढून खेळू नये.