वीस गुणांचा प्रश्न

फ्रान्सच्या ‘बाकालोरेआ’त १८०९ साली ३१ जण उत्तीर्ण झाले, परीक्षा तोंडी होती. आज तिथे ४० टक्के भार शाळेतील मूल्यमापनाचा आहे. वीसपैकी दहा गुणांना उत्तीर्ण, आठ ते दहामधल्यांना तोंडीची दुसरी संधी.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकला १८५९ मध्ये १३२ बसले, २२ उत्तीर्ण झाले. त्यांत रानडे, भांडारकर होते.

२०१९ मध्ये राज्य मंडळाच्या दहावीत भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण गेले आणि निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण परतले, टाळेबंदीत भूगोलाचा पेपरही रद्द झाला, निकाल ९५.३० टक्के! मानखुर्दच्या एका खोलीत अभ्यास करणारी मुले तशीच होती, बदलली ती चाळणी. तेव्हा टक्के वाचण्याआधी गुण कोणी दिले, ते विचारावे.