सर्पचित्रे : पत्रा, रंग आणि संहिता

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये छापल्या गेलेल्या हातरंगी सर्पचित्रांना जुन्या चित्रांच्या बाजारात 'विलक्षण', 'परदेशी' अशी विशेषणे लावली जातात. ही विशेषणे कोणाच्या नजरेतून आलेली आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या घोणशीला विदर्भात परड म्हणतात आणि जी काटोलच्या संत्र्याच्या बागेत रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली येऊ शकते, तिच्यात परकेपणा कसला? ती परकी होते ती कागदावर.

तिला कागदावर नेणाऱ्यांपैकी प्रमुख नाव पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याचे. ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गाभ्यासक म्हणून तो कोरोमंडल किनाऱ्यावर होता. त्याचा सर्पग्रंथ १७९६ मध्ये निघाला. रसेलने सापांची स्थानिक नावे टिपली. घोणशीचे 'काटुक रेकुल पोड' हे तेलुगू नाव त्याच्यामुळे छापले गेले. पुढच्याच वर्षी शॉने तिला रसेलच्या नावावरून लॅटिन नाव दिले. १८४२ मध्ये ग्रे याने प्रजातीसाठी 'डाबोइया' हा मूळचा हिंदी शब्द उचलला. म्हणजे आजच्या शास्त्रीय नावात हिंदी शब्द आणि स्कॉटिश आडनाव शेजारी नांदतात. वसाहतीच्या ज्ञानव्यवहाराने देशी शब्द पुसले, हे सैदनंतर रूढ झालेले सरधोपट विधान येथे अपुरे पडते. शब्द आत घेतला गेला. तो बोलणारा माणूस बाहेर राहिला.

चित्राच्या घडणीतही हेच दिसते. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायची, काळ्या शाईत ठसा काढायचा आणि मग प्रत्येक प्रत जलरंगाने हाताने रंगवायची, अशी ही रीत. रंगवणारे कारागीर समोर ठेवलेल्या नमुन्यावरून रंग भरत. तो साप त्यांनी पाहिलेला नसे. पाहणारा, कोरणारा आणि रंगवणारा असे किमान तीन हात एका पानावर असतात. कलाकृतीवर सही मात्र ग्रंथकर्त्याची. भोवतीचा कागद बहुधा कोराच : ना बिळ, ना बांध, ना माणूस.

या कोऱ्या जागेत काय होते, ते जेम्स फोर्ब्सच्या लेखनातून कळते. कोवळ्या वयात कंपनीचा कारकून म्हणून तो मुंबईस आला. १७७५ मध्ये रघुनाथरावाच्या मदतीला निघालेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेबरोबर चिटणीस म्हणून गेलेला तो हाच. त्याच्या 'ओरिएंटल मेम्वार्स'चे चार खंड १८१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तो एका नागाच्या चित्राची हकिकत सांगतो. गारुड्याने आणलेला नाग सुमारे तासभर मेजावर डोलत होता आणि फोर्ब्स त्याला रंगवत होता. फणीवरचे ठिपके, विशेषतः चष्म्याची खूण, नीट पाहता यावी म्हणून त्याने नाग अनेकदा हातात घेतला. विषाचे दात काढलेले असणार, हे त्याने गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी नोकराने बातमी आणली : तोच गारुडी बाजारात खेळ करत असता तोच नाग एका तरुण स्त्रीच्या गळ्याला डसला आणि अर्ध्या तासात ती मेली.

या निवेदनाची रचना तपासण्याजोगी आहे. प्रसंग त्या स्त्रीच्या मृत्यूचा. कथा होते ती निवेदकाच्या बचावाची. तिचे नाव येत नाही, गारुड्याचेही येत नाही. तरीही फोर्ब्सवर निष्ठुरपणाचा आरोप करून मोकळे होणे वाचकाला परवडणारे नाही, कारण ही माहिती लपवण्याची मुभा असताना त्याने ती लिहिली. चित्राने जे वगळले ते गद्याने नोंदवले. म्हणून अशी पाने ग्रंथातून सुटी काढून, चौकटीत बसवून विकली जातात तेव्हा कापला जातो तो केवळ कागद नसतो. फोर्ब्सच्या नागाच्या बाबतीत त्या कापाकापीत बाजारातली ती स्त्री दुसऱ्यांदा नाहीशी होते आणि उरतो तो मेजावर डोलणारा नाग, चष्म्याच्या खुणेसकट.