रक्ताभिसरण आणि बसण्याचा हक्क

रक्त वाहते राहिले पाहिजे, हे आपल्या आयाआज्यांना ठाऊक होते. ते कसे वाहते, हे मात्र साऱ्या जगालाच फार उशिरा कळले. गडचांदूर, कोरपना, राजुरा या भागात पाय जड झाले, पोटऱ्यांत गोळे आले, की माणसे 'रक्त साकळले' म्हणतात. त्यात पाहणी खरी आहे, कल्पना अर्धी चुकीची आहे. उपायांचेही तसेच. त्यांतले कोणते ठेवावे आणि कोणते टाकावे, हे आज पाहू; आणि जे ठेवायचे ते पाळायला कष्टकऱ्याजवळ वेळ आहे काय, हेही विचारू.

पूर्वी समज असा होता की, रक्त शरीरात नवेनवे तयार होते, अवयवांत जिरते आणि कोठेतरी साचून नासते. साचले तर बाहेर काढा, हा सरळ हिशेब. त्यातून तुंबडी आली, जळवा आल्या, शीर तोडणे आले. सुश्रुताने जळवांच्या बारा जाती सांगितल्या, त्यांतल्या सहा विषारी म्हणून वर्ज्य ठरविल्या. युरोपात हेच काम न्हावी करीत. तेव्हा आपलेच लोक अडाणी होते असे कोणी समजू नये. सारे जग एकाच समजुतीच्या छायेत होते.

1628 साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने साधा गुणाकार केला. एका ठोक्याला हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याला अर्ध्या तासातील ठोक्यांनी गुणले, तर साऱ्या शरीरात असेल त्याहून अधिक रक्त भरते. एवढे रक्त अन्नापासून घडोघडी बनणे शक्य नाही. अर्थात तेच रक्त फिरून परत येते. 1661 साली मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसातील केसाहून बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या आणि चक्र पुरे झाले. तरी रक्त काढणे थांबले नाही. 1835 साली पॅरिसच्या पिएर लुई यांनी रोगी मोजून दाखविले की, फुप्फुसदाहात रक्त काढल्याने फारसा लाभ होत नाही. तेव्हा कोठे ती प्रथा ढिली पडू लागली. जळूचा मात्र एक उपयोग उरला: तुटलेले बोट जोडल्यावर तेथे तुंबलेले रक्त ओढायला आजचे शल्यवैद्यही ती वापरतात.

डागण्यांचा प्रकार अधिक दुःखाचा. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडे आणि सांधे असह्य ठणकतात. अशा लेकराला तापल्या लोखंडाने डागले, तर अडकलेली पेशी सुटत नाही. वर जखम मात्र होते. त्याला भरपूर पाणी हवे, थंडीपासून जपणे हवे, अतिश्रमाची बंदी हवी, आणि रक्ताची तपासणी व डॉक्टरची गोळी हवी.

आता ठेवण्याजोगे पाहू. पायापासून हृदयापर्यंत रक्त चढावे लागते. शिरांत त्यासाठी झडपा आहेत, आणि पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकलले जाते. पोटरी हा पायातला पंपच. म्हणून चालणे हा पहिला उपाय. पाय उशीवर ठेवून पडणे, तेल कोमट करून हलक्या हाताने चोळणे, यांनी जड पायाला आराम पडतो. मात्र एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला तर चोळू नये, दवाखाना गाठावा. लसणाने रक्तदाब थोडा उतरतो. अर्जुनाच्या सालीवर प्रयोग झाले आहेत, पण तिच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करावी असे कोणी सिद्ध केलेले नाही. उन्हाळ्यात आंबील आणि कैरीचे पन्हे ही तर शहाणपणाची पेये. चंद्रपूरचा पारा 45 अंशांवर जातो, घामावाटे रक्तातले पाणी आणि मीठ कमी होते, हृदयाला अधिक धावावे लागते. ते पाणी आणि मीठ ही पेये परत देतात.

खर्रा मात्र उपाय नव्हे. तिसऱ्या पाळीला झोप आणि भूक मारायला तो घोटला जातो. पण तंबाखूने वाहिन्या आवळतात आणि ठोके वाढतात.

येथपर्यंत वैद्यकाचे झाले. पण पोटरीचा पंप चालायला पाय हलावा लागतो, आणि थकल्यावर टेकायला जागा लागते. 1700 साली इटलीच्या रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदविले. 1953 साली लंडनच्या बसगाड्यांवरील पाहणी जेरी मॉरिस यांनी प्रसिद्ध केली: दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. ड्रायव्हर नोकरीत शिरतानाच अंगाने स्थूल असत, हेही मॉरिस यांनीच पुढे गणवेशांच्या मापांवरून दाखविले. तरी चालत्या अंगाचा फायदा नंतरच्या संशोधनात टिकला. म्हणजे नुसते उभे राहणे वाईट, नुसते बसणेही वाईट. दोन्हींची आलटापालट हवी.

ती आलटापालट कामगाराच्या हाती नसते. आमच्या भागात 1980 च्या दशकात सिमेंटचे कारखाने आले. पन्नास किलोची पोती भरणारे आणि चढविणारे हात आम्ही पाहिले, आणि पाळी सुटल्यावर पोटऱ्यांवर उठलेल्या निळ्या शिराही पाहिल्या. एके ठिकाणी आम्ही दोन बाके मागितली, तर 'बाके दिली की माणसे झोपतील' असे उत्तर मिळाले. वास्तविक 1948 च्या कारखाने कायद्याच्या 44 व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय लिहिलेली होती. 18 व्या कलमात पिण्याचे पाणी होते, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात ते थंड करून देण्याची तरतूद होती. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही बसण्याची सोय राहिली आहे.

कायद्यात ओळ असणे आणि खात्यात बाक असणे यांत अंतर असते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे आणि हजारो कामगारांनी सभा भरवून, अर्ज करून मागितली म्हणून. रक्ताला विसावा देणारा उपाय म्हणून त्या रविवारची गणना आम्ही लसणाच्या आधी करू.

तेव्हा घरी गेल्यावर आजीला डागण्यांबद्दल समजावून सांगा, तेलाबद्दल तिचे ऐका. लसूण घरची, तेल घरचे, आंबीलही घरची. बाक आणि थंड पाणी मात्र मागून घ्यावे लागते, आणि एकट्याने मागून ते क्वचितच मिळते.