परभणीचं वाळवंट कुठे आहे?

‘परभणीचं वाळवंट होतंय’ हे आता कुणी सिद्ध करत बसत नाही. ते धरून चालायचं आणि पुढचं बोलायचं, असा रिवाजच पडला आहे. एप्रिलअखेर पारा पंचेचाळिसाकडे सरकला की वर्तमानपत्रं मथळा काढतात, पुढारी तो भाषणात घालतात, आणि बसस्टँडवर रसाचा ग्लास हातात धरून उभा असलेला माणूस म्हणतो, ‘राजस्थान झालं हो आपलं.’ त्यावर आजूबाजूचे माना हलवतात. मीही पुष्कळ वर्षं हलवली. आता हलवावीशी वाटत नाही. कारण हे विधान चूक आहे, आणि चुकीपेक्षाही ते सोयीचं जास्त आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो तीन पायांवर उभा आहे. पहिला पाय उन्हाचा: इथलं तापमान जैसलमेर-बिकानेरच्या बरोबरीला येतं, कधी कधी त्यांच्याही वर जातं. दुसरा दुष्काळाचा: १९७२ झाला, २०१२-१३ झाला, २०१५-१६ झाला, शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तिसरा पाय शास्त्राचा. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०१६ मध्ये देशाच्या जमिनीचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्राची ४५ टक्क्यांच्या आसपास जमीन ‘वाळवंटीकरण आणि अवनती’ या सदरात पडली. हा पाय सगळ्यांत मजबूत. त्याच्याकडे शेवटी येतो.

पहिल्यापासून सुरुवात करू. वाळवंट ठरतं ते पाण्यावरून, पाऱ्यावरून नव्हे. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, ही भूगोलाच्या पुस्तकातली ढोबळ खूण. लेह वाळवंटात मोडतं, आणि तिथे हिवाळ्यात नळ गोठतात. अंटार्क्टिका हे जगातलं सगळ्यांत मोठं वाळवंट. तिथे उष्माघाताने कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. उलट बाजूने पाहायचं तर लांब जायला नको. चंद्रपूर घ्या. उन्हाच्या शर्यतीत चंद्रपूर परभणीला सहसा मागे टाकतं, आणि तिथे पाऊस पडतो १२०० मिलिमीटरच्या पुढे, उशाला ताडोबाचं जंगल, जंगलात वाघ. चंद्रपूरला वाळवंट म्हणायची कुणाची छाती आहे? दिल्लीही पंचेचाळीस गाठते. तिला आपण राजधानी म्हणतो.

आता राजस्थानशी लावलेली ती बरोबरी. परभणी १९ अंश उत्तरेला, जैसलमेर २७ला थोडं कमी. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा उन्हाळाही सरकतो: एप्रिलमध्ये दख्खन आणि मध्य भारत तापतो, मेअखेर आणि जूनमध्ये राजस्थान. तेव्हा २५ एप्रिलची परभणी आणि २५ एप्रिलचं बिकानेर शेजारी ठेवणं म्हणजे पिकलेला आंबा आणि कैरी एका तागडीत घालणं. देशातला आजवरचा उच्चांक फलोदीचा, ५१ अंश, आणि तो १९ मे २०१६ चा. त्याच्या जवळपासही आपण गेलेलो नाही.

याच मुद्द्यात एक गंमत आहे, ती थोडी सावकाश सांगतो. जैसलमेरच्या थेट डोक्यावर सूर्य कधीच येत नाही, कारण ते कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. परभणीच्या डोक्यावर तो वर्षातून दोनदा येतो: मेच्या मध्याला, आणि परत जाताना जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. दोन्ही वेळा भरदुपारी उभ्या काठीची सावली बुडाशी गडप होते. सूर्य तोच, गाव तेच. मग मेमध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीस दाखवतो आणि जुलैत एकतीस-बत्तीस, हे कसं? ढग आडवे येतात हे एक. दुसरं जमिनीतलं पाणी. ओल्या रानावर पडलेलं ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. कोरड्या ढेकळांवर पडलेलं ऊन ढेकळांना आणि त्यांच्यावरच्या हवेला तापवतं. जैसलमेरला जुलैतही पारा अडतिशीच्या आसपास असतो, कारण तिथे खर्ची पडायला पाणीच नाही. परभणीचं ऊन म्हणजे दोन-अडीच महिने कोरड्या पडलेल्या ओल्या मुलखाचं ऊन आहे. समुद्र चारशे किलोमीटर लांब, माती काळी, आभाळ निरभ्र. एवढ्या कारणांत ते पुरतं बसतं.

शेतकऱ्याला तर हे ऊन हवंही असतं. नांगरट करून रान उघडं टाकायचं ते तापावं म्हणूनच: बोंडअळीचे कोष वर येतात, करपतात, पाखरं टिपतात. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून खोल मुरतो. रोहिण्या तापल्या नाहीत तर इथली म्हातारी माणसं काळजी करतात. वाळवंटात कुणी उन्हाची वाट बघत नाही.

याचा अर्थ ऊन निरुपद्रवी आहे असा कुणी काढू नये. हवामान खात्याच्या लेखी सपाटीवर पारा ४५ला गेला की उष्णतेची लाट, ४७ला तीव्र लाट. सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला तरीही लाट, फक्त ४० तरी गाठलेले असावे लागतात. हा पारा लाकडी जाळीच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, वाऱ्यावर ठेवलेला असतो. परभणीचा आकडा येतो तो कृषी विद्यापीठाच्या हिरव्या आवारातून. एप्रिलमध्ये वसमत-पूर्णा पट्ट्यात भर उन्हात चुलाण पेटवून हळद शिजवणाऱ्या बाईच्या अंगाला किती अंश लागतात, ते कुठल्याच पेटीत मोजलं जात नाही. कोरड्या हवेत घाम निघताच वाळतो. अंग कोरडं राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये, आणि तो पाणी पीत नाही. माळवदाच्या घरात दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचा थर होता. त्याच्या जागी पत्रे आले, स्लॅब आले, आणि ते रात्री अकरापर्यंत उष्णता ओकत बसतात. या सगळ्यावर उपाय आहेत: कामाच्या वेळा बदलणं, सावली, पाणी, छताला चुना. पण ‘वाळवंट आहे, काय करणार’ म्हटलं की छताला चुना लावायला कोण चढतो?

दुसरा पाय दुष्काळाचा. परभणीत वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जैसलमेरला दोनशेच्या आत. लंडनला सहाशेच्या आसपास. म्हणजे छत्री घेऊन फिरणाऱ्या त्या शहरापेक्षा आपला पाऊस जास्त आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, तेव्हा आठशे मिलिमीटरचे झाले ऐंशी लाख लिटर. जिल्ह्यातून गोदावरी वाहते, पूर्णा तिला इथेच मिळते, दुधना आहे. येलदरीचं धरण १९६८ पासून उभं आहे, निम्न दुधना आहे, जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा याच जिल्ह्यात येऊन संपतो. गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल, डिग्रस असे बंधारे आहेत. माणदेशात पाऊस याच्या निम्म्याला थोडासा वर, आणि ऊनही परभणीपेक्षा कमी. ऊन आणि तहान हातात हात घालून चालत असती, तर हा हिशेब असा उलटा लागला नसता.

हा पाऊस लहरी आहे, हे मान्यच. तो थोड्या दिवसांत कोसळतो, मध्ये तीन-तीन आठवडे दडी मारतो, सोयाबीन नेमकं शेंगा भरताना वाळतं. २०२५च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात गावं पाण्याखाली गेली आणि खरडून गेलेल्या रानांचे पंचनामे करायची वेळ आली. अशा मुलखाला शास्त्रात अर्धशुष्क म्हणतात. नाव रुक्ष आहे, मथळ्यात बसत नाही. पण फरक नावापुरता नाही. वाळवंटात पाणी नसतं, म्हणून तिथे जाब विचारायला कुणी सापडत नाही. अर्धशुष्क मुलखात पाणी येतं आणि जातं. कुठे गेलं, कुणी अडवलं नाही, उसाला किती गेलं आणि बोअरने किती खोलवरून उपसलं, हे सगळं विचारता येतं. मी सोयीचं म्हणालो ते यासाठी. वाळवंट म्हटलं की दोष आभाळाचा होतो.

ज्या परभणीला वाळवंट म्हणतात, त्याच शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. भेंडीची ‘परभणी क्रांती’ इथली. केवडा रोगाला दाद न देणारी ही जात देशभर लावली गेली. ‘परभणी मोती’ ज्वारी इथली. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर, रब्बीत पाऊस नसताना पिकणारी ज्वारी, हे या मुलखाचं खरं ओळखपत्र आहे. वाळूत मुरलेल्या ओलीवर कुणी शाळू पिकवून दाखवावा.

राहिला तिसरा पाय. इस्रोचे आकडे मी नाकारत नाही. पण ते काय मोजतात ते पाहिलं पाहिजे. १९९४च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘वाळवंटीकरण’ या शब्दाची व्याख्या आहे: कोरड्या, अर्धशुष्क आणि त्याहून किंचित ओलसर मुलखात हवामानामुळे किंवा माणसामुळे जमिनीचा कस उतरणं. वाळूचा त्यात उल्लेख नाही, तापमानाचाही नाही. आणि महाराष्ट्रात या सदराखाली सगळ्यांत मोठी कारणं निघाली ती दोन: पाण्याने होणारी धूप आणि झाडोरा जाणं. पाण्याने! बांध फुटून, ताली वाहून, पावसात रानाची साय निघून जाते. तिला आपण मराठीत ‘वाळवंटीकरण’ म्हणून बसलो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उंट उभे राहिले. जमिनीची झीज म्हटलं असतं, तर तालुका कृषी अधिकाऱ्याला दोन प्रश्न तरी विचारले गेले असते.

आता त्या शब्दाबद्दलच बोलतो. मराठी माणसाला वाळवंट ऐकून थरचं मरुस्थळ आठवावं, हे तसं अलीकडचं. त्याचं जुनं वाळवंट नदीचं: पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रातली वाळू, जिथे वारकरी कीर्तनाला उभे राहतात. परभणी जिल्ह्यालाही असं वाळवंट होतं. जनाबाईच्या गंगाखेडला, गोदाकाठी. उन्हाळ्यात नदी आटली तरी त्या वाळूत हातभर झिरा उकरला की पाणी लागायचं, कारण वाळू ही नदीची साठवणीची खोली असते. वरून कोरडी, आतून ओली. काठावरच्या विहिरी तिच्याच जिवावर मेपर्यंत तगत. ती वाळू हायवा डंपरांनी उचलली. लिलावातली उचलली, लिलावाबाहेरचीही उचलली, रात्री उचलली आणि दिवसाढवळ्याही. तिचेच स्लॅब झाले, जे आता रात्री अकरापर्यंत तापलेले असतात. पात्रात खड्डे उरले, कुठे उघडा खडक, कुठे गाळ.

तेव्हा मथळा लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की पुढच्या एप्रिलमध्ये ‘परभणीचं वाळवंट’ असं लिहिण्याआधी एकदा गंगाखेडच्या घाटावर उतरून पाहावं. होतं ते वाळवंटही तिथे आता फारसं उरलेलं नाही.