प्रतिरोध आणि सहिष्णुता : प्रतिजैविकांच्या इतिहासातील दोन संज्ञा

कोथरूडमधील कोणत्याही औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर ‘औषध लागू पडले नाही’ हे वाक्य हटकून कानी येते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु दोन भिन्न घटनांस ते एकच नाव देते. औषध असतानाही जंतू वाढत राहतो, ही एक घटना; औषधाने वाढ थांबते, पण जंतू मरत नाही, ही दुसरी. पहिलीस प्रतिरोध व दुसरीस सहिष्णुता म्हणतात. या संज्ञा परस्परांपासून कशा विलग झाल्या, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१९४४ साली आयरिश जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण नोंदविले. स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या संवर्धनात पेनिसिलिन घातले असता बहुतेक जंतू मरत. तथापि सुमारे दहा लाखांत एखादा जिवंत राही. तो प्रतिरोधक असावा, असा तर्क सहज सुचतो. पण तो टिकला नाही. कारण वाचलेल्या जंतूंची संतती मूळ जंतूंइतकीच पेनिसिलिनला बळी पडे. बिगर यांनी त्यांस ‘पर्सिस्टर’ म्हटले. मराठीत ‘चिवट जंतू’ म्हणता येईल. पेनिसिलिन पेशीभित्तिकेच्या उभारणीत विघ्न आणते. ज्याची उभारणीच थांबली आहे, अशा निद्रिस्त जंतूचे ते फारसे काही बिघडवू शकत नाही.

पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. औषध दुर्मीळ होते तोवर ‘किती मिळेल’ हाच मुख्य प्रश्न होता. ‘किती काळ द्यावे’ हा प्रश्न तीव्रतेने पुढे आणला तो क्षयरोगाने. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग-औषधोपचार केंद्राने, घरी राहून उपचार घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीने बरे होतात, हे १९५९ मध्ये दाखवून दिले. मात्र तो उपचार वर्षभराचा होता. पुढे रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड यांच्या योगाने ही मुदत सहा महिन्यांवर आली. खोकला बहुधा काही आठवड्यांतच ओसरतो. नंतरचे महिने मुख्यतः चिवट जंतूंसाठी असतात. उपचार मध्येच सोडल्यास रोग उलटतो, आणि तपासणीत तो जंतू औषधाला संवेदनशीलच आढळू शकतो.

‘सहिष्णु’ ही संज्ञा रूढ होण्यास १९७० साल कारण झाले. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर टोमाझ व सहकारी यांनी असे न्यूमोकॉकस जंतू वर्णिले की, ज्यांची पेशीभित्तिका विरघळविणारी स्वतःचीच यंत्रणा मंदावलेली होती. पेनिसिलिनने त्यांची वाढ थांबे, परंतु पेशी फुटत नसे. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने व्याख्या निश्चित केल्या : सर्व जंतुसमूह मरण्यास अधिक काळ लागत असेल तर सहिष्णुता; समूहातील थोडेच जंतू असे असतील तर चिवटपणा.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. नेहमीची प्रयोगशालेय चाचणी वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण मोजते; मारण्यास लागणारा काळ ती मोजीत नाही. म्हणून सहिष्णु जंतू तिच्या नजरेतून निसटतो. शिवाय जेरुसलेम येथील नताली बालबान व सहकारी यांनी २०१७ मध्ये ई. कोलाय जंतूंवर अँपिसिलिनचा खंडित मारा करून दाखविले की, सहिष्णुता आधी येते आणि तिच्या आश्रयाने प्रतिरोध उदयास येतो.

मराठीला हा भेद अपरिचित नाही. ‘निर्ढावणे’ आणि ‘दबा धरून बसणे’ यांत आपण कधी गल्लत करीत नाही. निर्ढावलेल्या जंतूवर औषध बदलावे लागते. क्षयासारख्या रोगात दबा धरून बसलेल्यावर तेच औषध ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे लागते. बरे वाटू लागलेल्या रुग्णास गोळ्या का सोडू नयेत, हे सांगावयाचे असेल, तर दुसरा वाक्प्रचारच वैद्याच्या अधिक उपयोगी पडेल, असे वाटते.