शस्त्र हाती घेण्यापूर्वी : प्रशिक्षण संस्थेची पारख

परंड्याचा भुईकोट किल्ला एकेकाळी तोफांसाठी ख्यातनाम होता. विजापूरच्या तटावर आज दिसणारी ‘मुलूखमैदान’ तोफ १६३२ मध्ये परंड्याहूनच तिकडे नेण्यात आली. शस्त्रांशी असा जुना संबंध असलेल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परिसरात शस्त्रांच्या दोन बाजू अलीकडे ठळकपणे पुढे आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि खेड्यातील मुलालाही नेमबाजीत जागतिक यश मिळू शकते, हे सिद्ध केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर तेथील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. शस्त्र चालविण्याचे वा स्वसंरक्षणाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने संस्थेची निवड किती काळजीपूर्वक करावी, हे या दोन्ही घटनांवरून ध्यानात येईल.

हेतू आधी ठरवावा

नेमबाजीचा खेळ, परवान्यासाठी लागणारे सुरक्षा प्रशिक्षण आणि निःशस्त्र स्वसंरक्षण ही तीन वेगवेगळी शिक्षणे आहेत. तिन्ही एकाच छपराखाली शिकविण्याचा दावा करणाऱ्या संस्थेकडे प्रत्येक विषयाचा स्वतंत्र प्रशिक्षक आहे काय, हे प्रथम विचारावे.

खेळ शिकायचा असल्यास १० मीटर एअर रायफल वा एअर पिस्तूल हा सर्वांत सोयीचा प्रारंभ होय. यातील छऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो. एवढ्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवाना लागत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावातील एखाद्या लांब सभागृहातही असे केंद्र चालू शकते. काडतुसाच्या बंदुकीचा सराव मात्र परवानाप्राप्त रेंजवरच करता येतो. त्यासाठी जिल्ह्यातील इच्छुकांना पुण्याच्या बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुलासारख्या ठिकाणाचा विचार करावा लागेल.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक असून, त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१६ च्या नियमांनी परवान्याच्या अर्जदाराला शस्त्र व दारूगोळा सुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. शस्त्राची सुरक्षित हाताळणी, निगा, साठवण आणि वाहतूक हे विषय त्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली. लग्नात वा मिरवणुकीत हर्षभराने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे आणि तो पोलिसांच्या अहवालानंतरच वापरला जातो. संस्था केवळ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देऊ शकते. ‘आमच्याकडे शिका, परवानाही मिळवून देऊ’ असे सांगणाऱ्या संस्थेच्या वाटेस जाऊ नये.

शुल्क भरण्यापूर्वी पाहणी

चांगली संस्था पालकांना व इच्छुकांना एक पूर्ण तास मागे बसून पाहू देते. त्या तासात पुढील गोष्टी पाहाव्यात : प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळले जाते काय? नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेनेच असते काय? नेम धरेपर्यंत बोट घोड्यापासून दूर ठेवले जाते काय? लक्ष्याच्या मागे काय आहे, याची खात्री केली जाते काय? ‘थांबा’ अशी आज्ञा होताच सारे थांबतात काय? नेमबाज लक्ष्याकडे जाण्यापूर्वी शस्त्रे रिकामी करून खाली ठेवली जातात काय? एअरगनचे छरे बहुधा शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुण्याची सक्ती आहे काय, हेही पाहावे. काडतुसाच्या रेंजवर कानांचे व डोळ्यांचे संरक्षण अनिवार्य मानावे. नवख्याच्या हाती पहिल्याच तासाला शस्त्र देऊन छायाचित्रे काढण्याची हौस जेथे दिसेल, तेथून परत फिरणे इष्ट.

संलग्नतेचीही चौकशी करावी. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही या खेळाची राष्ट्रीय संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. केंद्राचा संबंध या साखळीतील राज्य वा जिल्हा संघटनेशी आहे काय आणि प्रशिक्षकाने कोणता अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, याची कागदपत्रे पाहावीत व जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात खातरजमा करावी.

निःशस्त्र स्वसंरक्षण

कराटे, ज्युदो वा तायक्वांदो यांतील ‘ब्लॅक बेल्ट’ हे कौशल्याचे चिन्ह असले, तरी स्वसंरक्षण शिकविण्याची पात्रता त्याने आपोआप सिद्ध होत नाही. धोका वेळीच ओळखणे, अंतर राखणे, मोठ्याने ओरडणे, निसटणे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागणे, हे धडे प्रहाराच्या आधी यावयास हवेत. केवळ हवेत हातवारे करून भागत नाही. प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर, जाड गाद्यांवर सराव झाला पाहिजे. मुलींच्या वर्गास महिला प्रशिक्षक, पालकांना प्रवेश आणि प्रथमोपचाराची सोय असावी. आठवडाभराच्या शिबिराने जागरूकता येते. प्रतिक्षिप्त सवय मात्र अनेक महिन्यांच्या सरावानेच लागते, हे प्रामाणिकपणे सांगणारा प्रशिक्षक अधिक विश्वासार्ह समजावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. हा हक्क अमर्याद नाही. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तेव्हा हा हक्क मिळत नाही. हल्लेखोर पळून गेल्यावर त्याचा पाठलाग करून केलेली मारहाण शिकणाऱ्यालाच आरोपी ठरवू शकते. म्हणून कायद्याचा किमान एक तास अभ्यासक्रमात आहे काय, हे विचारावे.

अखेरचा प्रश्न घरचा आहे. शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत, किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत, हे चांगला प्रशिक्षक पुन्हा पुन्हा बजावतो. घरात असे कुलूपबंद कपाट नसेल, तर ‘तूर्तास शस्त्र घेऊ नका’ असे तो स्पष्ट सांगेल. असा सल्ला देताना स्वतःचे शुल्क बुडण्याची चिंता न करणाऱ्या संस्थेत नाव घालावयास हरकत नाही.